चेहरा नको, ताट बघा

"उजवा मायनस सव्वा," मी म्हणालो. "डावा मायनस साडेआठ. सिलिंडर मायनस सव्वादोन, ॲक्सिस पस्तीस." एवढं बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की डाव्या काचेचे आकडे मी नंबर मोजायच्या यंत्रात बघून म्हटलेच नव्हते. उजवी काच वाचली, चष्मा सरकवला, डाव्या काचेची जाड कड बोटाला लागली, आणि पुढचं सगळं आपोआप तोंडातून बाहेर पडलं. यंत्रातल्या हिरव्या रेषा अजून पुसटच होत्या. मी चक्री फिरवली, सावकाश, रेषा धारदार होईपर्यंत. साडेआठ. सव्वादोन. पस्तीस. डोळा नळीला तसाच लावून मी बसून राहिलो. समोर आमच्या क्लबातली ट्रूडी पेन्सिल घेऊन बसली होती. एरवी मी दोन सेकंद थांबलो तरी ती म्हणते, "काय रे, झोपलास की गेलास?" आज ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिली.

चाळीस वर्षं मी या गावात चष्मे केले. दुकान विकून सहा वर्षं झाली, पण माणसं माझ्या डोक्यात अजून नंबरांनीच बसली आहेत. अर्नी क्लासेन, आमच्या क्लबचा अध्यक्ष, प्लस तीन, दोन्ही डोळे, सरळसोट माणूस. ट्रूडी मायनस पावणेदोन आणि खाली वाचायचा भाग, जो ती कधीच नीट वापरत नाही आणि हनुवटी वर करून बघते, त्यामुळे अनोळखी माणसाला वाटतं ही बाई आपल्याला तुच्छ लेखते आहे. नावं विसरतो, नंबर विसरत नाही. म्हणून वर्षातून दोनदा क्लबनं जमवलेले जुने चष्मे निवडायचे असले की हे काम माझ्याकडे येतं. मी वाचायचं, ट्रूडीनं चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी आणि चष्मा एका पिशवीत, पिशवी खोक्यात, आणि खोकी होंडुरासला, तिथल्या गरिबांसाठी. सकाळी नऊ ते बारा. बारा वाजता त्याच हॉलमध्ये क्लबचं बुधवारचं जेवण असतं, तोवर टेबल रिकामं करावं लागतं. काम भराभर व्हावं म्हणून मी एक नियम केला आहे, फ्रेमकडे बघायचंच नाही. फ्रेम बघितली की माणूस विचार करायला लागतो, ही कुणाची असेल, बाईची की बाप्याची, मेलेल्याची की जिवंताची. खोक्यात हात घालायचा, चष्मा यंत्राखाली धरायचा, आकडे बोलायचे. तासाला साठ होतात.

आता मी नियम मोडला. नळीवरून डोळा काढला आणि खाली बघितलं. हिरवी फ्रेम. बाटलीसारखा हिरवा रंग, उजवी काडी जराशी वाकडी, कारण तिचा उजवा कान डाव्यापेक्षा वर आहे आणि मी ती काडी गरम वाळूत धरून स्वतः वाकवली होती. बारा वर्षांपूर्वी, तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला. डाव्या काचेची कड मी तीनदा घासली होती, जाडी दिसू नये म्हणून. "डॅड, बाटलीचा तळ वाटतोय अजून," असं म्हणत तिनं तो आरशासमोर लावून बघितला होता, आणि व्हर्ना, माझी बायको, पायरीवर बसून हसत होती. गिलचा चष्मा. माझ्या मुलीचा. अकरा वर्षं मी तिला बघितलेलं नाही.

खोकं कुठून आलं हे मला माहीत होतं, आणि तेच वाईट होतं. चष्मे टाकायला आम्ही वाचनालयात आणि बँकेत खोकी ठेवतो, त्यांतलं हे नव्हतं. शुक्रवारी मी स्वतः सगळी खोकी रिकामी केली होती. हे शनिवारचं. शनिवारी आमचा वसंतातला पॅनकेकचा नाश्ता होता, मेपलचा नवा पाक निघाला की दरवर्षी असतो तसा. निम्मी मिळकत शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या गावातल्या घराला, निम्मी होंडुरासच्या डोळ्यांच्या शिबिराला. यंदा अर्नीनं टूम काढली होती, जो जुना चष्मा आणून टाकेल त्याला एक सॉसेज जास्त. लोक हसले, पण घराघरातले खण उपसले गेले. दारात टेबल, टेबलावर खोकं, खोक्यामागं ट्रूडी. आणि आत, मोठ्या तव्यावर, मी. सकाळी सात ते अकरा. म्हणजे शनिवारी माझी मुलगी त्या हॉलमध्ये होती.

तव्यावर मी एकोणीस वर्षं आहे. नव्या माणसाला शिकवायचं तर मी दोनच गोष्टी शिकवतो. एक, बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली की उलटायचा, आधी नाही. दुसरी मी स्वतःच्या हातानं लिहून तव्याच्या वर भिंतीला चिकटवली आहे: चेहरा नको, ताट बघा. कारण असं की चेहरा बघितला की गप्पा सुरू होतात. कसा आहेस लॉर्न, गुडघा काय म्हणतोय, या वर्षी बर्फ काय पडलं. आणि रांग दारापर्यंत जाऊन पार्किंगमध्ये थंडीत उभी राहते, ह्यूरन सरोवरावरून वारा येत असतो, म्हातारी माणसं असतात. ताट पुढं येतं, दोन पॅनकेक, पुढचं ताट. मी नियम केल्यापासून आमची रांग दारापलीकडं गेलेली नाही. त्याबद्दल क्लबनं मला एक पितळी उलथनं दिलं, नाव कोरलेलं. ते माझ्या जेवणघरात टांगलेलं आहे आणि मी ते रोज बघतो, आणि आज सकाळपर्यंत मला त्याचा अभिमानच होता.

"ट्रूडी," मी म्हणालो, "हा चष्मा कुणी टाकला?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. ट्रूडीनं तेवीस वर्षं शाळेची बस चालवली. गिल पाच वर्षांची असल्यापासून तिच्याच बसमध्ये होती, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, चष्म्याच्या एका काचेवर पट्टी लावून. गावातलं कुठलंही पोर ट्रूडी पाठमोरं ओळखते, ती पोरं आता टकली झाली तरी.

"लिहिते मी," ती म्हणाली. "डावा साडेआठ ना?"

"कुणी टाकला, विचारलं मी."

"लॉर्न, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"आता मूर्खासारखं विचारू नकोस. कुणाला ते तुझ्या हातातच आहे."

मी चष्मा टेबलावर ठेवला. मला उगाच वाटलं, मी तो पाडीन. खिडकीबाहेर कुणीतरी पार्किंगमधलं उरलेलं बर्फ फावड्यानं फोडत होतं आणि प्रत्येक घाव मला दातांत जाणवत होता. ट्रूडीनं आपला चष्मा काढला, स्वेटरनं पुसला, परत लावला. मग हनुवटी वर करून तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आठच्या सुमाराला आली," ती म्हणाली. "केस कापलेत बारीक. मी आधी ओळखलं नाही, मग तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, त्या तिच्या सवयीनं, आणि मी उठलेच. मला म्हणाली, ट्रूडी, ओरडू नकोस. त्याला सांगू नकोस. मी रांगेत उभी राहते. त्यानं वर बघितलं तर बोलेन मी त्याच्याशी. नाही बघितलं तर जाईन."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं नाही? हाका किती मारल्या मी तुला! लॉर्न, जरा इकडं ये. लॉर्न, दारात काम आहे. तू उलथनं हलवून काय म्हणालास आठवतं? 'पीठ संपत आलंय, नंतर.' अर्नीला पाठवलं तुझ्या जागी उभं राहायला, तर त्याला हाकललंस. म्हणालास, तू करपवतोस."

हे मला आठवत होतं. अर्नी करपवतोच.

"दोनदा आली ती रांगेत," ट्रूडी म्हणाली. "एकदा पुढं येऊन गेली. मग बाहेर गेली, गाडीत बसली. मला वाटलं गेली. मग परत आली आणि परत शेवटी उभी राहिली. दुसऱ्यांदा. आणि एकटी नव्हती रे."

मी शनिवार आठवत होतो. चार तास, शेकडो ताटं, आणि त्यांतली दोन माझ्या मुलीच्या हातात होती. कागदी ताटं, पांढरी, कडेला चुण्या. हात आठवत होतो. लोकरीचे हातमोजे घातलेले हात, अंगठ्या, डाग, एक हात प्लास्टर घातलेला. माणसाला वाटतं की आपल्या पोटच्या पोरीचा हात आपण कुठंही ओळखू. मी नाही ओळखला. मग हळूहळू एक ताट वर आलं. लहान ताट, खाली धरलेलं, तव्याच्या कडेपाशी, आणि एक बारीक आवाज: "अस्वल कराल?" मुलांसाठी मी अस्वल करतो, एक मोठा गोल आणि वर दोन कान, सगळ्यांना माहीत आहे. मी केलं. "त्याला चष्मा पण काढा." हे नवीन होतं. मी हसलो, पिठाची बाटली घेतली, आधी तव्यावर दोन छोटी वर्तुळं आणि मधे दांडी काढली, ती जरा तांबूस होऊ दिली आणि मग तिच्यावर अस्वलाचं पीठ ओतलं. उलटल्यावर चष्मा गडद उठून दिसला. चांगला जमला होता. "तुझ्या अस्वलाला लांबचं दिसत नाही वाटतं," असं काहीतरी मी बोललो. तव्याकडे बघून. आणि त्या छोट्या ताटाच्या मागं एक मोठं ताट होतं. त्यात मी दोन पॅनकेक टाकले. ते ताट हललं नाही. तसंच तिथं राहिलं, माझ्यासमोर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मागून लोक सरकत होते. आणि मी म्हणालो, अगदी गोडीत, सगळ्यांना म्हणतो तसं: "पुढं चला, बाई. मागं माणसं खोळंबलीत."

ताट पुढं गेलं.

तो शब्द मी परत गिळू शकलो असतो तर, असं लोक म्हणतात. मला तसलं काही वाटलं नाही. मला फक्त ते ताट दिसत राहिलं, किती वेळ थांबलं होतं ते. तीन सेकंद असेल. पाच असेल. पाच सेकंदांत मी एक काच वाचतो.

गिलला लहानपणी सगळे आळशी डोळा म्हणायचे. मला तो शब्द आवडायचा नाही. डोळा आळशी नसतो, त्याला कुणी कामच देत नाही. चांगला डोळा सगळं बघून टाकतो, मग दुसरा म्हणतो, मी कशाला. म्हणून चांगला डोळा झाकायचा. मी चष्म्याच्या उजव्या काचेवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारायचो, दोन पट्ट्या, एकावर एक आडव्या, आणि जेवणाच्या टेबलावर बसून तिला वाटाणे बाटलीत टाकायला लावायचो. एक वाटाणा, एक गुण. पन्नास झाले की आइस्क्रीम. ती रडायची, वाटाणे फेकायची, मी ते गोळा करायचो. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, क्लबची बैठक असली तरी आधी वाटाणे. व्हर्ना म्हणायची, अख्ख्या गावाचे डोळे तपासतोस, पण जीव तुझा या एका डोळ्यात. तसा होताच. सात वर्षांच्या आत करावं लागतं, मग उपयोग नसतो. तो डोळा मी उभा केला. मी. म्हणून मला वाटायचं, ही पोर मला सगळं माफ करील.

होंडुरासला मी पाचदा गेलो. पाचव्या खेपेला व्हर्नाला महिनाभर भूक नव्हती. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या, उत्तर यायचं होतं. ती म्हणाली, जा तू, तिकिटं निघालीत, माणसं वाट बघतायत, गिल आहे माझ्याजवळ. निघायच्या सकाळी ती दारात उभी होती, उन्हात, चष्मा काढून. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. फिकट पिवळा, कडेला. कुणाला दिसला नसता. मला दिसला. तो पिवळा रंग म्हणजे आत काहीतरी जिवावरचं आहे, हे मला माहीत होतं. माझा धंदाच डोळ्यांचा. मी तो बघितला, आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि अर्नीच्या गाडीत बसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिथं आठ दिवसांत आम्ही नऊशे चष्मे वाटले. एका म्हातारीनं माझ्यासमोर सुईत दोरा ओवला आणि माझे हात धरून रडली. तो फोटो या हॉलच्या भिंतीवर आहे, माझ्या पाठीमागं, आत्ताही. त्या दिवशी दुपारी व्हर्ना गेली. निरोप डोंगरातल्या शाळेच्या फोनवर आला, मला दुसऱ्या दिवशी कळला. मी पोचलो तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना संपून लोक कॉफी पीत होते. माझ्या अंगात क्लबचं पिवळं जाकीट होतं, बिल्ले लावलेलं, कारण बॅग मागं राहिली होती. गिल वीस वर्षांची होती. हा हिरवा चष्मा घातलेला होता. ती ओरडली नाही, जाकिटाकडे बघितलं आणि एकच विचारलं: "डॅड, तू निघालास तेव्हा तुला दिसलं नव्हतं?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं मान जराशी वाकडी केली, चांगल्या डोळ्यानं बघायला, आणि मला बघितलं. खूप वेळ. त्या चांगल्या डोळ्याला आणि मी उभा केलेल्या डोळ्याला, दोघांनाही मी खोटं बोललेलं दिसलं. त्या हिवाळ्याआधीच ती गाव सोडून गेली. पत्ता नाही, फोन नाही. खरं बोललो असतो तरी गेली असती कदाचित. पण मग याला दिसतं की नाही, हे बघायला तिला परत यावं लागलं नसतं.

"कुठं गेली?" मी ट्रूडीला विचारलं.

"सांगितलं नाही. गाडीला पाटी पार पश्चिमेकडची होती, अल्बर्टाची. नंबर टिपायचं सुचलं नाही मला, मी रडत होते." तिनं नाक पुसलं. "जाताना दारात थांबली. डोळ्यांवरचा नवा काढला, हा पर्समधून काढून लावला, एकदा आत तुझ्याकडे बघितलं, आणि मग हा काढून खोक्यात टाकला. मी म्हटलं, अगं, ठेव. तर म्हणाली, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. आणि छोटीचाही टाकला, पाच वर्षांची आहे तिची पोर. तिचा नंबर वाढला म्हणे, जुना होता."

मी खोक्यात हात घातला. या खेपेला बघत. वर तीनचार मोठे, वाचायचे, एक काळा गॉगल. तळाशी, कोपऱ्यात, जांभळा, माझ्या तळहातात मावणारा. काड्यांच्या टोकाला रबराची आकडी, पोरं पळतात तेव्हा पडू नये म्हणून. मी तो यंत्राखाली धरला. उजवी काच मळकट होती. पुसली तरी जाईना. नखानं खरवडलं तर चिकट लागलं. मग मी तो खिडकीकडे धरून तिरपा बघितला आणि दिसलं. चिकटपट्टीच्या गोंदाचे डाग होते. दोन पट्टे, एकमेकांवर आडवे. फुली. बाजारात त्यासाठी आता तयार पट्ट्या मिळतात, फुलाफुलांच्या, कातडीला लावायच्या. फुली कुणी मारत नाही. ती माझी पद्धत आहे.

"वाटाणे," मी म्हणालो.

"काय?"

"वाटाणे टाकत असणार ती बाटलीत."

ट्रूडीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी डोळा नळीला लावला. हिरव्या रेषा पाण्यात बुडाल्यासारख्या हलत होत्या, आणि मला दोनदा डोळा पुसावा लागला. उजवा मायनस अर्धा. डावा मायनस पावणेपाच. जुना नंबर. आता वाढला असेल, साडेपाच असेल. पाच वर्षांची आहे म्हणजे अजून दोन वर्षं हातात आहेत, आणि गिलला ठाऊक आहे काय करायचं ते. मी आकडे बोललो. ट्रूडीनं लिहिले. माझ्या नातीबद्दल मी स्वतः बघितलेली पहिली गोष्ट ही.

"काडीच्या आत बघ," ट्रूडी म्हणाली. "नावाची पट्टी असते पोरांच्या चष्म्याला. काढून टाकावी लागते."

हा आमचा नियम आहे, माझाच. पुढं जाणाऱ्या कुठल्याही चष्म्यावर कुणाचं नाव राहता कामा नये. डाव्या काडीच्या आत, कानामागं येते तिथं, छापील पट्टी होती, तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं. मला भिंग घ्यावं लागलं. व्हर्ना. मी परत वाचलं. ट्रूडीला ते आधीच माहीत होतं, तिनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मी नखानं पट्टीचं टोक उचललं, ती न फाटता सोलून निघाली, आणि कुठं ठेवायची कळेना म्हणून मी ती माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याच्या मागं चिकटवली. हिरवा चष्मा एका पिशवीत, जांभळा दुसऱ्या. क्षणभर वाटलं, ठेवून घ्यावेत. खिशात टाकले असते तर ट्रूडीनं बघितलं नसतं. पण तिनं ते मला दिले नव्हते. तिनं ते खोक्यात टाकले होते. मी पिशव्या बंद केल्या आणि होंडुरासच्या खोक्यात ठेवल्या, आणि बाकीच्या खोक्यांतले अजून चाळीस चष्मे वाचले, कारण बारापर्यंत टेबल रिकामं करायचं होतं.

बाराला अर्नीनं घंटा वाजवली. टेबलं मांडली गेली, सूप आलं, आणि सुपाआधी बरणी फिरली. बुधवारची आमची पद्धत आहे: ज्याला आनंदाचं काही सांगायचं असेल त्यानं उभं राहायचं, बरणीत एक लूनी, म्हणजे डॉलरचं नाणं, टाकायची आणि सांगायचं. नाणी मुलांच्या खेळाच्या मैदानाला जातात. बहुतेक नातवंडंच असतात. कुणाचा नातू हॉकीच्या संघात, कुणाच्या नातीचा पहिला दात. अकरा वर्षं मी नाणं टाकत आलो आहे आणि काय काय सांगितलं आहे, टोमॅटो आले, गुडघा बरा आहे, बर्फ काढायचं यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. लोक टाळ्या वाजवतात. एकदा अर्नी म्हणाला होता, लॉर्न, तुझं ते यंत्र आमच्या नातवंडांपेक्षा हुशार आहे. सगळे हसले होते, मीही.

बरणी माझ्यापाशी आली. मी उभा राहिलो. खिशात नाणं शोधायला वेळ लागला. ट्रूडी टेबलाच्या पलीकडं चमचा धरून बसली होती आणि तिनं मान हलवली, नको म्हणून की हो म्हणून, मला कळलं नाही.

"मला नात आहे," मी म्हणालो. नाणं बरणीत पडलं. "पाच वर्षांची. व्हर्ना नाव आहे."

मग एकदम टाळ्या, कुणी पाठीवर थाप मारली, कुणाची खुर्ची मागं सरकली. चाळीस माणसं, सगळ्यांना गिल माहीत होती, सगळ्यांनी अकरा वर्षं माझ्यासमोर तिचं नाव काढलं नव्हतं. अर्नीचे डोळे भरले होते. प्लस तीनच्या मागं ते तसेही मोठे दिसतात.

"अरे लबाडा!" तो ओरडला. "इतके दिवस बोलला नाहीस! सांग तरी, दिसते कशी? कुणावर गेलीये?"

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते, हसत, वाट बघत. मला जांभळी फ्रेम दिसली. मला फुली दिसली, पावणेपाच दिसले, कागदी ताट दिसलं आणि चष्मा लावलेलं अस्वल. त्या ताटाच्या वर काय होतं ते मी बघितलं नव्हतं. वीतभरावर होतं.

"डावा डोळा गिलसारखा आहे," मी म्हणालो.

"अरे डोळा काय सांगतोस! चष्मेवाल्याची जात जात नाही!" अर्नी हसला. "चेहरा सांग, चेहरा!"

मी उभाच होतो. सूप थंड होत होतं, लोकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. मग ट्रूडीची खुर्ची वाजली. ती उठली, माझ्या हातातून बरणी घेतली आणि आपलं नाणं टाकलं.

"हनुवटी लॉर्नची आहे," ती म्हणाली. सगळ्यांना उद्देशून, पण बघत होती माझ्याकडे, सावकाश, मी लिहून घेतो आहे असं समजून. "मधे खळगा आहे, अस्सा. केस तांबूस, व्हर्नाचे होते तसे. पुढचा एक दात नाही. हसली की डोळे मिटतात. आणि मान वाकडी करून बघते, आईसारखी. कुणाकडं बघायचं असलं की बघतच राहते, हलत नाही जागची."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बरणी पुढच्या माणसाकडं गेली. मी बसलो. माझा हात आपोआप हनुवटीवर गेला होता, आणि जेवण संपेपर्यंत मी तो तिथून काढला नाही.